मुलीचें नांव : दोन अक्षरें आणि त्यांचा अर्थ

शास्त्रपाठ : लूक १:५७–६३, यशया ६२:१–५, रूथ १:१९–२१, ईयोब ४२:१२–१५.



ठाणें जिल्ह्यांत मुरबाडच्या बाजूस असलेल्या एका वाडीवरून एका बंधूंनीं आम्हांस पत्र पाठविलें आहे. त्यांच्या घरीं तिसरी कन्या जन्मास आली. घरांतील वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, हिचें नांव 'नकोशी' ठेवावें, म्हणजे पुढें पुत्र होईल. मुलीच्या आईचें म्हणणें असें कीं, नांव दोन अक्षरांचें असावें, त्याचा अर्थ चांगला असावा, आणि बांधावरून हाक मारली तर ती खाचरापलीकडे ऐकूं जावी. बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला आहे, आणि बंधूंस तीन गोष्टी समजून घ्यावयाच्या आहेत. पहिली, घरच्या म्हाताऱ्या माणसांस काय सांगावें? दुसरी, ख्रिस्ती मुलीचें नांव शास्त्रांतीलच असलें पाहिजे काय? तिसरी, लहान नांवांपैकीं कोणतीं नांवें चांगलीं, आणि त्यांचे अर्थ काय? हे प्रश्न एकाच घरचे नाहींत. म्हणून त्यांचें उत्तर या पाठांत सर्वांसमक्ष देतों.

१. नांव कोणीं ठेवावें?

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत एका बारशाचीच गोष्ट आहे. आठव्या दिवशीं शेजारी व नातलग जमले, आणि त्यांनीं बालकाचें नांव परस्पर ठरवूनही टाकिलें. बापाचें नांव जखऱ्या, तेव्हां मुलाचेंही जखऱ्याच. परंतु आईनें, म्हणजे अलीशिबेनें, योहान हें नांव सांगितलें. नातलगांनीं लागलीच हरकत घेतली कीं, तुमच्या कुळांत हें नांव कोणाचेंच नाहीं. मग त्यांनीं बापास खुणांनीं विचारिलें. जखऱ्यानें पाटी मागितली आणि बायकोनें सांगितलेलेंच नांव तिच्यावर लिहिलें.

या गोष्टीपासून आपण तीन बोध घ्यावे. नातलगांची माया खरी असली तरी शेवटचा शब्द त्यांचा नव्हे. आई प्रथम बोलली, आणि बाप तिच्या पाठीशीं उभा राहिला. आणि कुळांत पूर्वीं नसलेलें नांव ठेवणें हा कांहीं अपराध नव्हे. आमच्या पत्रलेखक बंधूंस पहिला धडा येथेंच मिळतो. आपल्या पत्नीनें बरोबर तेंच सांगितलें आहे. आपण पाटी मागून घ्यावी.

आपल्या प्रांतीं बाराव्या दिवशीं बारसें होतें. आत्या बाळाच्या कानांत 'कुर्र' करून नांव सांगते, पाळणा म्हणतात, घुगऱ्या वांटतात. यांत निंद्य असें कांहींच नाहीं. परंतु सहाव्या रात्रीं सटवी येऊन कपाळावर लिहून जाते, व तें लिहिलेलें कोणास पुसतां येत नाहीं, ही समजूत मात्र ख्रिस्ती घरांत राहूं नये. ज्या बालकास त्याच्या जन्मापूर्वींपासून परमेश्वर ओळखतो, त्याच्या कपाळावर दुसऱ्या कोणाचा हात फिरण्याचें कारण नाहीं. बाळ जगांत येतें तेव्हां त्याचें स्वतःचें असें कांहींच नसतें. अंगावरचें टोपडेंही दुसऱ्यानें दिलेलें असतें, आणि तें चार महिन्यांत तोकडें होतें. नांव ही त्यास मिळालेली अशी देणगी आहे कीं, जी मरेपर्यंत पुरते. म्हणून ती देतांना विचार करावा.

२. 'नकोशी' हें नांव आणि यशयाचें वचन

मराठी भाषेंत 'नांव ठेवणें' म्हणजे नामकरण करणें, आणि 'नांवें ठेवणें' म्हणजे दोष देणें. 'नकोशी' हें नांव देतांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडतात. मुलीस हाक मारली कीं तिला दूषण दिलें, आणि तें दूषण दिवसांतून वीस वेळां.

ही चाल एका जिल्ह्यापुरती नाहीं. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं जिल्हा परिषदेनें शोध केला, तेव्हां 'नकोशी' वा 'नकुशा' अशीं नांवें असलेल्या २८० हून अधिक मुली आढळल्या. त्याच वर्षीं आक्टोबर महिन्यांत समारंभ करून त्यांस नवीं नांवें देण्यांत आलीं. नवें नांव पुष्कळ मुलींनीं आपलें आपणच निवडिलें. ज्या मुलींस आजवर कोणीं कांहीं विचारिलें नव्हतें, त्यांस त्या दिवशीं प्रथमच कोणीं विचारिलें कीं, तुला काय म्हणावें? त्याच २०११ सालच्या शिरगणतींत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागें महाराष्ट्रांत ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वीं तो आंकडा ९१३ होता. नांव आणि आंकडा यांचें मूळ एकच, तें म्हणजे मुलगी नको ही भावना.

आतां म्हाताऱ्या माणसांस काय सांगावें? प्रथम हें सांगावें कीं, नांवानें पुत्र होत नाहीं. मुलगा होणार कीं मुलगी, हें गर्भ राहतांना बापाच्या बीजावरून ठरतें. आईच्या हातीं तें नाहीं, आणि पाळण्यांत निजलेल्या थोरल्या बहिणीच्या हातीं तर मुळींच नाहीं. जिनें कांहीं केलें नाहीं तिला शिक्षा करूं नये, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांसही पटते. परंतु ती रागानें सांगूं नये. ज्या आजीस आज नातीचें ओझें वाटतें, तिच्याही जन्माच्या वेळीं कदाचित् कोणीं थाळी वाजविली नसेल. तिनें तेंच ऐकलें व तेंच ती बोलते.

दुसरें, शास्त्र उघडून दाखवावें. इस्राएल लोकांतही असें नांव होतें. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत यहोशाफाट राजाच्या आईचें नांव अजूबा असें दिलें आहे. अजूबा म्हणजे टाकलेली. तिचें नांव असें कां पडलें तें शास्त्र सांगत नाहीं. परंतु जिचें नांव 'टाकलेली' असें होतें, तिच्या पोटीं एक चांगला राजा जन्मला. पुढें यशयाच्या बासष्टाव्या अध्यायांत उध्वस्त झालेल्या सीयोननगरीस देव एका स्त्रीप्रमाणें संबोधून सांगतो कीं, तुझें जुनें नांव आतां कोणी घेणार नाहीं. तें जुनें नांव हाच शब्द आहे, अजूबा. तिला जें नवें नांव मिळतें तें हेफसीबा, म्हणजे जिच्या ठायीं माझा आनंद आहे ती. 'नकोशी' काढून 'हवीशी' असें नांव देणें, हें स्वतः परमेश्वराचें काम आहे. ज्या मंडळींत हा अध्याय वाचला जातो, त्या मंडळींत कोणत्याही मुलीचें नांव 'नकोशी' असूं नये. आणि जर आधींच कोणाचें तसें असेल, तर तें बदलण्यास मंडळीनें तिला मदत करावी.

३. शास्त्रांतील लहान नांवें

शास्त्रांत स्त्रियांचीं लहान व सुरेख नांवें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं बहुतेक इब्री भाषेंतील असून, कांहीं ग्रीक व अरामी आहेत.

हव्वा म्हणजे जीवन. सारा म्हणजे राजकन्या. हन्ना म्हणजे कृपा. शमुवेलाच्या प्रार्थनाशील आईचें हें नांव आहे, आणि मंदिरांत बाळ येशूस पाहणाऱ्या वृद्ध संदेष्ट्रीचेंही हेंच. नामी म्हणजे मनोहर. रूथ या नांवाचा अर्थ सोबतीण असा करितात, आणि तिनें तो सासूची सोबत करून खरा केला. राहेल म्हणजे मेंढी, याएल म्हणजे रानबकरी, दबोरा म्हणजे मधमाशी, टबीथा म्हणजे हरिणी. मेंढ्या राखणारे व डोंगरांत वावरणारे लोक आपल्या मुलींस अशींच नांवें देणार. आपल्याकडे कोणी मुलीस मैना म्हणतो, तोच हा प्रकार. मार्था हें अरामी नांव असून त्याचा अर्थ घरधनीण. फीबी हें ग्रीक नांव, अर्थ तेजस्वी. रुदा म्हणजे गुलाब. पेत्रानें दार ठोठावलें तेव्हां आनंदानें दार उघडावयाचेंच विसरलेली ती मुलगी.

ईयोबाच्या शेवटल्या अध्यायांत तर एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. दुःखाचे दिवस सरल्यावर ईयोबास सात पुत्र व तीन कन्या झाल्या. सात पुत्रांपैकीं एकाचेंही नांव तेथें दिलेलें नाहीं, परंतु तिन्ही कन्यांचीं नांवें दिलीं आहेत. यमीमा, म्हणजे बहुतेकांच्या मतें पारवी. कसीया, म्हणजे दालचिनीसारखी सुवासिक साल. आणि केरेन-हप्पूक, म्हणजे सुरमा ठेवण्याचें शिंग, आपल्या भाषेंत काजळाची डबी. बापानें त्यांस नुसतीं गोड नांवें दिलीं नाहींत, तर भावांच्या बरोबरीनें वतनांत वांटाही दिला. गोड नांव देऊन वांटा न देणाऱ्या बापांनीं हें वचन पुन्हां वाचावें.

शास्त्रांतील नांव निवडतांना तें मराठी कानास कसें लागतें याचाही विचार करावा. नामी हें नांव आपल्याकडे फार शोभतें, कारण मराठींतही नामी म्हणजे उत्तम. उलट शोकाकुल नामीनें आपणांस जें मारा, म्हणजे कडू, असें नांव घेतलें, तें मराठींत भलतेंच ऐकूं येईल. याकोबाची कन्या दीना, हिच्या नांवाचा इब्री अर्थ न्याय. मराठींत तोच शब्द 'दीन स्त्री' असा होतो. सारा ऐकून एखाद्या शेतकऱ्यास शेतसारा आठवेल, पण त्यांत वाईट कांहीं नाहीं. हंसून सोडून द्यावें.

इब्री नांव मराठी मातींत रुजतें, हें पाहण्यासाठीं ठाण्यापलीकडे जाणें नको. ठाणें शहरांत बेने इस्राएल लोकांचें 'शार हशामाईम', म्हणजे स्वर्गाचें द्वार, या नांवाचें सभास्थान १८७९ सालापासून आहे. या समाजानें कोंकणांत शेंकडों वर्षें राहून आपलीं इब्री नांवें मराठी घाटाचीं करून घेतलीं. मुंबईंतील पहिलें सभास्थान १७९६ सालीं बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. शमुवेलाचा सामाजी झाला म्हणून त्याचा देव बदलला नाहीं.

४. मराठी लहान नांवें

आतां दुसरा प्रश्न. ख्रिस्ती मुलीचें नांव शास्त्रांतीलच पाहिजे काय? आमचें उत्तर स्पष्ट आहे, नाहीं. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायांत पौल ज्यांस सलाम सांगतो, त्यांत हर्मेस नांवाचा एक विश्वासी आहे. हर्मेस हें ग्रीक लोकांच्या एका देवाचें नांव. फीबी ही मंडळीची सेविका, आणि हें विशेषण ग्रीक लोक आपल्या एका देवीस लावीत. अपुल्लो या नांवांतही देवाचें नांव दडलेलें आहे. पौलानें त्यांपैकीं कोणास नांव बदलावयास सांगितल्याचें दिसत नाहीं. आपल्या देशांतही १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई यांस जग रमाबाई म्हणूनच ओळखतें, आणि त्यांची कन्या मनोरमा हीही मनोरमाच. येशूच्या नांवांत तारण आहे, आपल्या नांवांत नाहीं.

एकाच अर्थाचीं नांवें तीन भाषांत कशीं मिळतात तें पाहा. हन्ना इब्री, ग्रेस इंग्रजी, कृपा आपलें. तिन्ही चांगलीं. परंतु ज्या आजीस हाक मारावयाची आहे, तिला न शिकवितां कळतें तें 'कृपा'. एस्तेर या नांवाचा अर्थ पुष्कळ विद्वान फारसी भाषेवरून तारा असा करितात. आणि तारा तर आपल्या घरोघरीं आहेच.

संस्कृतांतून आलेलीं दोन अक्षरीं नांवें अशीं : आशा, उषा, म्हणजे पहांट, प्रभा, म्हणजे प्रकाश, सुधा, म्हणजे अमृत, लता, म्हणजे वेल, दया, क्षमा, श्रद्धा, शांति, प्रीति, ज्योति. यांपैकीं कित्येक शब्द आपण दर रविवारीं प्रार्थनेंत उच्चारितों. सीता म्हणजे नांगराचें तास. शेतकऱ्याच्या घरीं याहून शोभेसें नांव कोणतें? मुक्ता म्हणजे मोतीं, आणि मुक्ता म्हणजे मोकळी झालेलीही. ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीचें हें नांव.

आणखी कांहीं नांवें अशीं आहेत कीं, तीं लोकांच्या तोंडीं झिजून झिजून गुळगुळीत झालीं आहेत. सखी या शब्दाचें प्राकृतांत सही झालें, आणि मराठींत सई. शिवाजी महाराजांच्या पत्नीचें हें नांव. जाती या फुलाचें जाई झालें, आणि यूथिकेची जुई. राधिकेची राही झाली. पंडितांस वाटेल कीं हीं नांवें बिघडलीं. आम्हांस वाटतें कीं तीं घरचीं झालीं. आपल्या जिल्ह्यांतील वारली व कातकरी बंधूंच्या पाड्यांवर सोमी, मंगळी, बुधी, शुक्री हीं नांवें आढळतात. मूल ज्या वारीं जन्मलें तो वार त्यांत राखलेला असतो. त्यांसही कोणीं हंसूं नये. प्रत्येक वार परमेश्वरानेंच केला आहे.

५. नांव एक, हांका तीन

लहान नांवाचा एक धोका सांगणें अवश्य आहे. मराठींत नांवाच्या शेवटचा स्वर बदलला कीं मान बदलतो. गंगा हें नांव घ्या. मायेनें हाक मारिली तर गंगू, आदरानें गंगाबाई, आणि तुच्छतेनें गंगी. गांवांत ज्यांस हलके मानीत, त्यांच्या बायकामुलींस जन्मभर 'गंगी', 'यमी', 'पारी' अशाच हांका ऐकाव्या लागल्या. नांव नदीचें, आणि हाक धुळींतली! म्हणून नांव निवडणें हें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें काम रोज करावयाचें असतें, आणि तें हाक मारण्यांत. पुनरुत्थानाच्या सकाळीं प्रभूनें बागेंत रडणाऱ्या मरीयेस केवळ तिच्या नांवानें हाक मारिली, आणि तेवढ्यानें तिनें त्यास ओळखिलें. आमच्या हांकेंत त्या हांकेचा कांहीं अंश असतो काय, हें प्रत्येकानें आपल्या घरीं पाहावें.

नांव बदलण्याची दुसरीही एक रीत आपल्याकडे आहे. लग्नांत ताटांतील तांदुळांवर अंगठीनें नवें नांव लिहितात, आणि मुलीचें माहेरचें नांव तेथेंच संपतें. कल्याणांत लहानाची मोठी झालेली यमुना जोशी, घरची यमू, नऊ वर्षांची असतां लग्न होऊन आनंदी झाली. हीच पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एम. डी. झालेली डॉक्टर आनंदीबाई. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाई ख्रिस्ती झाल्या नाहींत, आपल्याच धर्मांत राहिल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. वयास बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. आनंदी हें नांव तिला दुसऱ्यांनीं दिलें. त्या नांवास जगांत मान तिनें मिळविला. तरीही ज्या आईबापांनीं विचारपूर्वक नांव ठेविलें असेल, त्यांनीं लग्नाच्या बोलणींत तेंच राहावें असें म्हणण्यास संकोचूं नये. मुलीस तर प्रथम विचारावें.

६. नांव आणि नोंद

१९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावयाची असते. नांव ठरलें नसलें तरी नोंद होते, आणि वर्षाच्या आंत नांव मागाहून लिहवून घेतां येतें, त्यास शुल्क पडत नाहीं. म्हणून वादापायीं नोंद अडवूं नये, आणि वाद टाळण्यासाठीं वाईट नांवही लिहवूं नये. १ आक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळेंत घालतांना व पुढें पुष्कळ कामीं हाच जन्मदाखला लागतो. दाखल्यावर, बाप्तिस्म्याच्या वहींत व शाळेच्या पटावर नांव एकाच रीतीनें लिहिलें आहे ना, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

आणखी एक गोष्ट नवी व महत्त्वाची आहे. महाराष्ट्र सरकारच्या ठरावाप्रमाणें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचें नांव सरकारी कागदांत लिहितांना प्रथम बालकाचें, मग आईचें, मग बापाचें, आणि शेवटीं आडनांव असा क्रम ठेविला आहे. म्हणजे आज पाळण्यांत असलेली मुलगी उद्यां आई होईल, तेव्हां तिचें नांव तिच्या लेंकराच्या नांवास लागून येईल. तें 'नकोशी' असेल तर प्रत्येक पटावर त्या लेंकराच्या पाठीस तोच शब्द राहील. तें आशा असेल तर आशा राहील. जी आजी नातवासाठीं झुरत आहे, तिला हें सांगावें. आज नातीस जें नांव द्याल, तेंच पणतवास मिळणार आहे.

७. पत्रलेखकांस उत्तर

आमच्या बंधूंनीं तिन्ही प्रश्नांचें उत्तर असें समजावें. वडिलांस प्रेमानें पण निश्चयानें नाहीं म्हणावें. शास्त्रांतील नांव ठेवावें किंवा मराठी ठेवावें. दोन्ही देवास मान्य. अर्थ असा पाहावा कीं, मुलगी दहा वर्षांची होऊन 'माझें नांव हें कां?' असें विचारूं लागली, तर खालीं न पाहतां सांगतां यावा. निवड आईस करूं द्यावी. आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं पाळक नांव विचारतील, तेव्हां बापानें तें सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगावें. त्या घरांत तिसरी मुलगीही हवीशी आहे, ही साक्ष त्या दोन अक्षरांनीं मंडळीपुढें होईल.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :

(१) आपल्या नांवाचा अर्थ काय, व तें कोणीं ठेविलें? प्रत्येकानें सांगावें.

(२) यशयाच्या बासष्टाव्या अध्यायांत कोणतें नांव जातें व कोणतें येतें?

(३) ईयोबानें कन्यांस नांवाखेरीज आणखी काय दिलें? आपण काय देतों?

(४) आपल्या वाडींत अशी कोणी मुलगी आहे काय, कीं जिचें नांव घेतांना तिला लाज वाटते? तिच्यासाठीं आपण या आठवड्यांत काय करणार?